'आर' शिकायला पैसे मोजावेत का?

प्रश्न : एम.एस्सी. कृषीच्या प्रबंधासाठी मिरचीच्या वाणांची आकडेवारी जमवली आहे. 'आर' सॉफ्टवेअरच्या क्लासची फी भरू का?
– एक विद्यार्थिनी, पिंपळगाव रेणुकाई

उत्तर : ताई, 'आर' मोफतच आहे; फी असते ती शिकवणीची. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'वर त्याचे धडेही फुकट मिळतात. आधी तुमच्या तोड्यांची नोंद एक्सेलमध्ये भरा : एका ओळीत एक वाफा, रकान्यांत वाण, पुनरावृत्ती, उत्पादन. मग त्यावरच सराव करा. खरं अडतं ते कोणती चाचणी लावायची इथं. ते मार्गदर्शकांना विचारा. तरीही जमलं नाही, तर तुमच्याच आकड्यांवर सराव करून घेणारा क्लास जरूर लावा. नुसत्या प्रमाणपत्रासाठी पैसे घालवू नका. "विश्लेषण आम्हीच करून देतो" म्हणणाऱ्यांपासून लांबच राहा. तोंडी परीक्षेत उत्तरं तुम्हालाच द्यायची आहेत.