खत वाढवले, तरी बेसिल पिवळी का?

प्रश्न : बाल्कनीत ऊन नाही म्हणून घरातच एलईडीखाली, मातीविना पाण्यावर बेसिल लावली आहे. कोवळी पाने पिवळी पडली म्हणून खत दुप्पट केले, तर आता कडाही करपल्या. दिवा बदलू का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : दिवा राहू द्या, आणि आणखी खत तर मुळीच घालू नका. कोवळे पान पिवळे, पण शिरा हिरव्या असतील तर झाड उपाशी नाही. लोह पाण्यात असूनही त्याला घेता येत नाही. सामू (पीएच) ६.५ च्या वर गेला की असे होते. बोअरचे पाणी असेल तर माझा संशय त्याच्यावरच! टाकी रिकामी करा, आरओच्या पाण्यात निम्म्या मात्रेचे द्रावण करा आणि सामू ५.५ ते ६.५ च्या दरम्यान आणा. त्यासाठीचे आम्ल थेंबाथेंबाने, हातमोजे घालूनच. करपलेल्या कडा सुधारणार नाहीत. लक्ष नव्या फुटीवर ठेवा. मुळेही उचलून बघा. पांढरी असतील तर निर्धास्त राहा. तपकिरी, बुळबुळीत झाली असतील तर तेवढी कापा आणि टाकीत माशांच्या पेटीच्या पंपाने हवा सोडा, पंप मात्र पाण्याबाहेरच ठेवा. दिवा टायमरवर १४ ते १६ तास पुरे. रात्री अंधार हवाच.