तालीम : नाटक मंडळीतील नटाचे शिक्षण



‘तालीम’ हा मूळचा अरबी शब्द, अर्थ शिक्षण. मराठीत तो कुस्तीच्या आखाड्यालाही लागतो आणि नाटकाच्या सरावालाही. दोन्हीकडे अंगमेहनत आणि गुरूची नजर अभिप्रेत आहे, हे ध्यानात घ्या.

१८८० मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि किर्लोस्कर नाटक मंडळी उभी राहिली. त्या काळी मंडळी हीच नटाची शाळा होती. गोविंद बल्लाळ देवल तालीममास्तर या नात्याने उच्चार, आवाजाचा चढउतार व अभिनय घोटून घेत. १९०५ मध्ये मंडळीत आलेले बालगंधर्व देवलांकडे अभिनय आणि भास्करबुवा बखले यांच्याकडे गायन शिकले. १९१३ मध्ये त्यांनी गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही पाहा. स्त्रीभूमिका करणाऱ्या मुलाचा आवाज फुटला की त्याचे मंडळीतील स्थान डळमळीत होई. शाळा आधीच सुटलेली असल्यास दुसरी वाट शोधणे अवघड जाई. मंडळी विद्या देत असे, भवितव्याची हमी नव्हे.

स्वाध्याय : ‘नाटक मंडळी ही नटाची शाळा होती’, या विधानाची मर्यादा सोदाहरण स्पष्ट करा.