खंड्या एक की दोन?

शिरड शहापूरच्या शिवारात ओढ्याकाठी, विहिरीवर एक निळा पक्षी दिसतो. डोके मोठे, चोच लांब. कुणी त्याला खंड्या म्हणते, कुणी धीवर. पण नीट पाहिले तर हा पक्षी एक नव्हे, दोन आहेत. दोघे भाऊबंद, पण जाती वेगळ्या. चला, आज आपण दोघांची ओळख करून घेऊ.

पहिला मोठा खंड्या. हा साळुंकीहून थोडा मोठा. डोके आणि पोट तपकिरी, गळा व छाती पांढरी, पाठ निळी. चोच लालभडक.

दुसरा लहान खंड्या. हा चिमणीहून थोडा मोठा. पाठ निळी, पोट नारिंगी. नराची चोच काळी असते. मादीच्या चोचीचा खालचा भाग तांबूस असतो.

रंग पाहिले. आता पोटापाण्याचे पाहू.

लहान खंड्या पाण्यावर जगतो. फांदीवर गुपचूप बसतो. मासा दिसला की सूर मारतो. तो मासा फांदीवर आपटतो आणि गिळतो. ओढा आटला, पाणी फार गढूळ झाले, की त्याची उपासमार होते. मग तो ती जागा सोडून जातो.

मोठा खंड्याही मासे खातो. पण त्याचे पाण्यावाचून अडत नाही. तो बाभळीवर नाहीतर तारेवर बसतो आणि शेतावर नजर ठेवतो. नाकतोडे, किडे, सरडे, खेकडे, कधी उंदराचे पिल्लूही तो पकडतो. म्हणजे तो आपला बिनपगारी राखणदारच की!

पोरे बेचकीने खंड्याला दगड मारतात. "मासे चोरतो," म्हणतात. आम्ही विचारतो, राखणदार मेला तर नाकतोडे कोण खाणार? शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्यांना मारणे गुन्हा आहे.

घराच्या बाबतीत मात्र दोघे सारखे. दोघेही मातीच्या उभ्या दरडीत चोचीने बीळ कोरतात. आत पांढरी, गोल अंडी घालतात. उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडावर तिथे पिल्ले असतात. त्याच दिवसांत आपण घरासाठी, शेतासाठी माती काढतो. दरड ढासळली की पिल्ले आत गाडली जातात. म्हणून कुदळ मारण्याआधी दरड नीट बघा. बीळ दिसले तर माती दुसरीकडून घ्या.

उद्या ओढ्यावर जाल तेव्हा चोच पाहा. लाल की काळी? आणि घरी येऊन पाटीवर त्याचे नाव लिहा.