फोडणीचा भात

दिवेलागण झाली होती. कचेरीतून यावयास उशीर होईल, असा आईचा निरोप दूरध्वनीवरून आला होता. धाकट्या भावाला तर भुकेने धीर निघेना. ताई स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर भाताचे पातेले झाकून ठेवलेले होते. सकाळचा भात त्यात निम्म्याहून अधिक उरला होता.

"ताई, फोडणीचा भात कर ना! लगेच होईल," भाऊ आनंदाने म्हणाला.

ताईने झाकण काढले आणि ती थबकली. दिवस वैशाखाचे. भात सकाळी 9 वाजता शिजला होता आणि तेव्हापासून तसाच उबेत राहिला होता. वास मात्र काही येत नव्हता.

तेवढ्यात आजी देवघरातून बाहेर आली. "अगं पोरी, बघतेस काय? चांगला खरपूस परत म्हणजे झाले. अन्न टाकायचे नसते." आजीने उभा जन्म काटकसरीत काढला होता, एकेका शिताला तिच्या लेखी मोल होते.

ताईपुढे मोठाच पेच पडला. आजीचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. फोडणीला शिळा भातच चांगला. वाफाळत्या भाताची शिते पाणी शोषून मऊ झालेली असतात. कढईत उलथने फिरताच त्यांचा गिचका होतो. भात थंड झाला म्हणजे त्यातील पिष्ट पुन्हा घट्ट होते आणि शीत न् शीत मोकळे राहते. परंतु थंड जागी ठेवलेला शिळा भात वेगळा आणि दिवसभर उबेत पडलेला भात वेगळा. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूची बीजे असू शकतात. भात शिजताना ती सगळीच मरत नाहीत. भात कोमट राहिला की त्यांतून जंतू वाढतात आणि विष निर्माण करतात. ते विष परतल्याने नाहीसे होत नाही. वासावरूनही ते ओळखू येत नाही. असा भात खाणाऱ्यास काही तासांतच ओकाऱ्या सुरू होतात.

ताईने हे सारे आजीला हळू आवाजात सांगितले. आजी काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने स्वतःच पातेले उचलले आणि ते गच्चीवरील खताच्या पिंपात रिकामे केले.

आता नवा भात करणे आले. घरात आंबेमोहोर होता; पण तो सुवासिक असला तरी शिजल्यावर चिकटतो. ताईने 2 वाट्या कोलम धुऊन किंचित कमी पाण्यात शिजविला, परातीत पसरला, त्यावर चमचाभर तेल सोडले आणि पंखा लावला. तो निवेपर्यंत कांदा, गाजर चिरून झाले. भावाने मटार सोलले, आणि सोलता सोलता निम्मे खाल्लेही.

कढईत तेल तापले. आधी शेंगदाणे तळून बाजूला काढले. मग मोहरी पडली. दाण्यातील ओलाव्याची वाफ होऊन कवच फुटते, म्हणून ती तडतडते. ती तडतडल्यावाचून पुढचे काही घालू नये, नाहीतर फोडणी कडवट व कच्ची लागते. पाठोपाठ हिंग, कढीपत्ता, मिरची, कांदा. हळद शेवटी, कारण ती चटकन करपते. भाज्या वाफवून झाल्यावर भात, मीठ, चिमूटभर साखर घातली, आणि हलक्या हाताने सारे परतले. वरून शेंगदाणे, कोथिंबीर व लिंबू.

आई दारात आली तेव्हा पाने मांडलेली होती. "कसला घमघमाट सुटला आहे!" ती म्हणाली. भावाने तिसऱ्यांदा वाढून घेतले.

तरीही दोन वाट्या भात उरला. ताई आवरावयास उठली, तो आजीने तो एका पसरट डब्यात आधीच पसरून ठेवला होता.

"निवला आहे गं," आजी शीतकपाटाचे दार उघडीत म्हणाली. "उद्या याच्या शाळेच्या डब्याला होईल."