गव्हाची साठवण व पिठाचा काळ

गोधूम मधुर, शीत, गुरु, स्निग्ध व बृंहण आहे. नवा गहू कफकर, तर वर्षभर जुना तुलनेने लघु. त्यामुळे उन्हाळ्यात वर्षाचा गहू भरण्याची आपली रीत शास्त्राला धरूनच आहे. मात्र हा काळ अखंड दाण्याचा, पिठाचा नव्हे. दळताना अंकुरातील स्नेह उघडा पडतो आणि हवेने खवट होतो. कोंड्यासह पीठ आठ-पंधरा दिवसांपुरतेच दळून आणावे. रुग्णास पोळीचे पथ्य सांगताना पीठ किती दिवसांचे, हे अवश्य विचारावे.

गहू उन्हात वाळवावा. दाणा दाताखाली कटकन फुटला, की पूर्ण गार करून मगच कोठीत भरावा. कडुनिंबाचा पाला वाळलेलाच घालावा. ओल्याने बुरशी धरते.

औषधविक्रेत्या बंधूंना एक विनंती. धान्यासाठी पाऱ्याच्या गोळ्या मागितल्या जातात. ‘पारद तर आपलेच औषध’ हे समर्थन टिकत नाही. शोधनाशिवाय आपण तो रुग्णास देत नाही. गोळी फुटली तर अशोधित पारा थेट अन्नात मिसळतो. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर घरात येताच कामा नयेत. ओलसर हवेत त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो आणि त्यावर उतारा नाही. अशा ग्राहकास एरंडेल द्यावे, व दाण्यांना त्याचा हलका हात कसा चोळावा तेही सांगावे.