आतड्यांची तक्रार आणि मनाचा ताण

प्रश्न : मावला (जि. आदिलाबाद) येथील एका वाचकाला दीर्घकाळ पोटात मुरडा येऊन वारंवार शौचास जावे लागते, तपासण्या निर्दोष असूनही बसप्रवास आणि लग्नकार्ये टाळावी लागतात. हा मनाचा आजार आहे काय?

उत्तर : हा निव्वळ मनाचा आजार नव्हे; मेंदू आणि आतडी यांच्यातील मज्जातंतूंचा समन्वय बिघडल्याने होणारा आयबीएस, म्हणजे क्षोभशील आतड्याचा विकार, असण्याची शक्यता अधिक आहे. 2016 च्या रोम-4 या निदान-निकषांनुसार तीन महिने आठवड्यातून सरासरी किमान एक दिवस पोट दुखणे आणि त्यासोबत शौचाच्या वेळा वा स्वरूप बदलणे ही त्याची प्रमुख लक्षणे होत. ताणामुळे आतडी अधिक संवेदनशील होतात, दुखण्याने चिंता वाढते आणि वाटेत शौचालय मिळेल का, या धास्तीने माणसांत मिसळणे थांबले की एकाकीपणा हे दुष्टचक्र घट्ट करतो. म्हणून आहारनियमन, पुरेशी झोप आणि व्यायाम यांच्या जोडीला बोधात्मक वर्तनोपचार, म्हणजे भीतीदायक विचार व सवयी पालटण्याचे प्रशिक्षण, हितकारक ठरते. मात्र शौचातून रक्त, घटते वजन, ताप किंवा रक्तक्षय आढळल्यास आदिलाबादच्या रिम्स रुग्णालयात विनाविलंब तपासणी करावी. मानसिक आधारासाठी ‘टेली-मानस’ या दूरध्वनी सेवेचा 14416 हा निःशुल्क क्रमांक निःसंकोच वापरावा.