'स्ट्रट' : ताठा आणि ताठ मान

इंग्रजी भाषेत चालण्यासाठी अनेक क्रियापदे आहेत. 'वॉक' म्हणजे साधे चालणे, 'मार्च' म्हणजे पावलाशी पाऊल जुळवून शिस्तीने चालणे आणि 'स्ट्रट' म्हणजे छाती पुढे काढून, लोकांनी आपल्याकडे पाहावे अशा तोऱ्यात चालणे. या शेवटच्या शब्दाचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

जुन्या इंग्रजीत या शब्दाच्या मूळ रूपाचा अर्थ 'ताठ उभे राहणे, फुगून बाहेर येणे' असा होता. चालीचा अर्थ त्याला पुढे, सोळाव्या शतकात चिकटला. छताच्या किंवा पुलाच्या सांगाड्यात दाब सोसण्यासाठी जो आधार बसवतात, त्यालाही 'स्ट्रट' म्हणतात. म्हणजे एकच ताठपणा एका ठिकाणी दिखाऊ ठरतो, तर दुसऱ्या ठिकाणी भार पेलतो.

हे क्रियापद बहुधा अकर्मक असते. 'द पीकॉक स्ट्रटेड अक्रॉस द यार्ड' याचे भाषांतर 'मोर अंगणातून डौलाने चालत गेला' असे होईल. परंतु कर्ता एखादा गर्विष्ठ अधिकारी असेल, तर 'तोऱ्यात चालला' असेच म्हणावे लागेल. मोराचा डौल, नवरदेवाची ऐट आणि सत्ताधाऱ्याचा तोरा यांत मराठी भेद करते. 'स्ट्रट' मात्र तिन्हींना पुरतो. माणसाविषयी वापरल्यास त्यात बहुधा उपहास असतो. शेक्सपिअरने 'मॅकबेथ' नाटकात रंगमंचावर घटकाभर मिरवून जाणाऱ्या नटासाठी हेच क्रियापद योजले आहे.

तथापि, चालीला नाव कोण ठेवतो, यावरही शब्दाची निवड ठरते. ज्यांनी मान खाली घालूनच चालावे अशी रूढी होती, त्यांच्यापैकी कोणी स्वच्छ कपडे घालून ताठ चालू लागला, की 'याला माज आला' असे गावात म्हटले जाई. चाल तीच, पाहणाऱ्याच्या डोळ्यांत ती उद्धट ठरे.

आपल्या नाशिकनेच या प्रश्नाचे उत्तर पाहिले आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. कर्मवीर दादासाहेब गायकवाड त्याचे प्रमुख संघटक होते. चार-चारांच्या रांगा करून निघालेली मिरवणूक सुमारे मैलभर लांब होती. मंदिराचे दरवाजे बंद होते. तरीही शिस्त न मोडता ती गोदावरीच्या घाटाकडे वळली. या चालीला 'स्ट्रट' म्हणणे चूक ठरेल. तिला 'मार्च' म्हणावे, आणि मराठीत 'ताठ मानेने चालणे'. दिखाव्यासाठी चालणाऱ्याला पाहणारे लागतात. हक्कासाठी चालणाऱ्याला सोबती लागतात.

धम्माची दृष्टी येथे फार उपयोगी पडते. बौद्ध परंपरेने सांगितलेल्या दहा संयोजनांपैकी 'मान' हे एक होय. 'मी इतरांहून श्रेष्ठ' हा विचार मान आहेच. परंतु 'मी त्यांच्या बरोबरीचा' अशी तुलना आणि 'मी हीन' ही भावनासुद्धा मानच मानली गेली आहे. म्हणून छाती फुगवून चालणे आणि स्वतःला कमी लेखून दबून चालणे, दोन्ही एकाच बंधनाची रूपे ठरतात.

आमच्या मुलामुलींनी परीक्षेत 'स्ट्रट'चा अर्थ 'ऐटीत चालणे' असा जरूर लिहावा. त्याला गुण मिळतील. पण वसतिगृहातून बाहेर पडून कचेरीत, महाविद्यालयात वा परगावी पाऊल ठेवताना त्यांनी ताठा आणि ताठ मान यांतील अंतर ध्यानी ठेवावे. पालकांना व माजी विद्यार्थ्यांना आमची एवढीच विनंती आहे, की ताठ मानेने चालणाऱ्या लेकराला कोणी माजोरी म्हटले, तर त्याला मान खाली घालायला सांगू नये. भार पेलणाऱ्या आधाराला ताठ राहावेच लागते.